सोनाळ्याची छापील रेल्वे

शेगावहून सोनाळ्याला रेल्वे नेली ती खुर्शीदनं, आणि तीही एका दुपारात. मध्ये पूर्णा नदी आडवी येते म्हणून मोठमोठे इंजिनेर डोकं खाजवत बसतात. यानं फूटपट्टी ठेवली, रेघ मारली, पूर्णा ओलांडली आणि चहा प्यायला गेला. पुलाचे खांब काढायचे राहून गेले होते, ते चहा पिऊन आल्यावर काढले.

खुर्शीद हा शेगावच्या स्टेशन रस्त्यावरच्या शिळाछापखान्यात लिहिणारा माणूस, म्हणजे कातिब. छापखाना शालिग्रामशेटचा. दगडावर चरबीच्या शाईनं उलटं लिहायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं, असा तो सगळा कारभार. खुर्शीद उर्दू उलटी लिहायचा, बालबोध, म्हणजे आपली देवनागरी, उलटी लिहायचा, आणि इंग्रजी तर त्याला सुलटीही येत नव्हती, तरी उलटी झकास लिहायचा. लग्नपत्रिका, उर्साच्या जाहिराती, आरत्या, जिनिंगच्या पावत्या, सगळं त्याच्या हातून जायचं. अक्षर असं की नवरदेव कसाही असो, पत्रिका पाहून पोरीकडचे लोक खूष व्हायचे.

पहिली मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताला जोडलेला, म्हणजे कागद नागपूरचा आणि कापूस आपला. कापसाला भाव होता, आणि कुठं लोकांच्या हाती चार पैसे खेळतात याचा वास काही माणसांना फार लांबून येतो. तसे वैजनाथपंत आले. पुण्याचे. डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री, आणि बोलणं असं तुपात तळलेलं की ऐकणाऱ्याला आपल्या बोलीची उगीच लाज वाटावी. ते 'सातपुडा पायथा लाईट रेल्वे आणि वसाहत मंडळी'चे एजंट होते. मंडळीचं, म्हणजे कंपनीचं, नाव पाटीवर दोन ओळी खायचं. रेल्वे म्हणाल तर अजून वितभरही नव्हती.

"अमेरिकेत काय करतात माहीत आहे का?" पंतांनी शालिग्रामशेटला विचारलं. शेटला अमरावतीपलीकडचं काही माहीत नव्हतं. "तिथं रेल्वे कंपन्या आधी नकाशे वाटतात. नकाशा पाहून लोक घरदार विकतात आणि ओसाड रानात जाऊन वसतात. आधी नकाशा, मग माणसं, मग रेल्वे. असा क्रम असतो."

"अन् रेल्वे नाही आली तं?" खुर्शीदनं विचारलं.

"माणसं तर आलेली असतात ना," पंत म्हणाले.

मग ते खुर्शीदच्या मागं उभे राहून सूचना द्यायला लागले. आमची लाईन जाड काढा. शेगाववरून जाते ती बडी लाईन बारीक ठेवा.

"पण पंत, बडी लाईन तं हाय. तुमची नाही."

"म्हणूनच जाड हवी."

सातपुडा फार जवळ दिसतोय, मागं सरकवा. सरकवला. खुर्शीदनं हौसेनं डोंगरात एक वाघ काढला होता. तो पाहून पंतांनी कपाळाला हात लावला. वाघ खोडा, हरिण बसवा, वसाहतीला हरिण शोभतं म्हणाले. वाघ गेला, हरिण आलं. सोनाळ्याच्या अलीकडं मोठ्या चौकटीत 'नवी सोनाळा वसाहत' असं लिहिलं, पण तिच्याभोवती कागद पांढराफेक राहिला.

"इथं मोकळं दिसतंय. काहीतरी भरा, खुर्शीदमियाँ. सुपीक दिसलं पाहिजे."

आता खुर्शीदनं सोनाळा बापजन्मी पाहिला नव्हता. जे पाहिलंच नाही ते काढणार कसं? त्याला एकच सुपीक जागा मनापासून माहीत होती, वडनेर भोलजीचं बापाचं वावर. काळी जमीन, गोड पाण्याची विहीर, विहिरीवर वाकून पाहणारा म्हातारा आंबा. बाप गेल्यावर वाटणीची वेळ आली तेव्हा यानं आपला हिस्साही धाकट्या बहिणीच्या, अमीनाच्या नावावर करून दिला होता. आपल्याला नांगर झेपत नाही, लेखणी झेपते, मग वावर कायले अडवून धरायचं, असा साधा हिशेब. वर्षातून दोनदा तो वडनेरला जायचा, आंब्याखाली झोपायचा आणि परत यायचा. तर त्यानं तीच विहीर काढली. मोट काढली. वाकलेला आंबा काढला, खालच्या फांदीला लहानपणी दोर बांधून पडलेला खाचासुद्धा काढला. पंत पाहून म्हणाले, "वा! बसायला जावंसं वाटतं." खुर्शीदला बरं वाटलं. आपली कला कुणाला आवडली की माणूस गाढव होतोच.

नकाशे छापले आणि चहूकडं चिकटले. धर्मशाळेच्या भिंतीला, बाजारात, जिनिंगच्या फाटकाला. लोक समाधीच्या दर्शनाला येत ते नकाशालाही हात लावून जात. एका गावचे पाटील तर तुपाची बरणी घेऊन छापखान्यात आले. आमचं गाव लाईनीच्या बाजूला राह्यलं, जरा आत घ्या म्हणाले. खुर्शीदनं लाईनीला हलकासा बाक दिला आणि गाव आत घेतलं. तूप चांगलं होतं, खोटं कशाला बोला! महिनाभर खिचडीवर घालून खाल्लं.

आणि मग एका मंगळवारी अन्वर आला. अमीनाचा नवरा. माणूस लाख मोलाचा, पोटात काही नाही. पण बढाईची अशी आवड की बैलाला शिंक आली तरी गावभर सांगेल.

"खुर्शीदभाई, आता आपन स्टेशनवाले!" दारातूनच ओरडला. "प्लॉट नंबर सतरा घेऊन राह्यलो. स्टेशनाच्या अंगाले लागून. हॉटेल टाकतो. अमीना भजे तळीन, गाड्या थांबतीन, पाशिंजर उतरतीन!"

"अन् वावर?"

"वावर हिंमतराव पाटलाले देऊन राह्यलो. त्याचा त्या विहिरीवर कवापासून डोया हाय. येत्या सोमवारी मलकापूरले कागद करतो. अमीनानं अंगठा देला की झालं."

खुर्शीदच्या हातातली लेखणी तशीच राहिली. "अमीना तयार हाय?"

"माह्याहून जास्त तयार! नकाशा पाहून डोयात पाणी आलं तिच्या."

"अन्वरमिया, तो नकाशा म्या काढला."

"मालूम हाय. म्हणून तं भरोसा हाय."

"अरे पण तिथं रेल्वे नाही!"

"आता नाही. येईन."

"म्या रेघ मारली म्हणून येईन काय?"

अन्वर कीव आल्यासारखं हसला. "भाई, तुम्ही मारली नाही. तुमच्याकून मारून घेतली. वरून हुकूम असल्याबिगर कोणी असल्या जाड रेघा मारते काय?"

खुर्शीदनं शपथा घेतल्या. पूर्णेवरचा पूल मी चहा पिऊन आल्यावर बांधला, असं सांगितलं. अन्वर म्हणाला, तुम्हाले आमचं भलं पाहवत नाही. खुर्शीद म्हणाला, चाल मंग, डोयानं पाहू. दमणी जुंपली आणि दोघं सोनाळ्याकडं निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी सोनाळा वसाहत आली. आली म्हणजे, एक पाटी आली. पाटीच्या चौफेर मुरूम, धोंडे, बोरीची झुडपं, आणि लांब कुठं एका झुडपाखाली बसलेला बकऱ्यावाला म्हातारा. हरिणसुद्धा नव्हतं. खुर्शीदला वाटलं, चला, आता तरी याचे डोळे उघडतील.

अन्वर खाली उतरला. कमरेवर हात ठेवून त्यानं चौफेर नजर फिरवली आणि लांब लांब टांगा टाकत चालायला लागला. "हा झाला फलाट," तो म्हणाला. "हे मुसाफिरखाना. अन् हे माह्यं हॉटेल. अबे ओ बाबा! तुह्या बकऱ्या फलाटावर आल्या, हाकल त्यायले!"

म्हाताऱ्यानं खुर्शीदकडं पाहिलं. खुर्शीदनं मान खाली घातली.

"बाबा, इथं पाणी कुठं भेटीन?" खुर्शीदनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"इथं? इथं कायचं पाणी बापा. दोन कोस जावं लागते."

"ऐकलं काय, अन्वरमिया?"

"ऐकलं नं," अन्वर म्हणाला. "रेल्वे आली की टाकी बांधतेच ते लोक. त्याची काय फिकीर?"

परत येताना अन्वर भज्यांचे भाव ठरवत होता आणि खुर्शीद बैलांच्या शेपट्या पाहत होता. त्याला एक गोष्ट पुरती कळली. खरी जमीन डोळ्यांपुढं पसरून ठेवली तरी हा माणूस छापील जमीनच पाहणार. तोंडानं सांगितलेलं छापलेल्यापुढं टिकत नाही. मग छापलेल्यापुढं काय टिकेल? तर दुसरं छापलेलं.

शुक्रवारी शालिग्रामशेट अकोल्याला लग्नाला गेले. खुर्शीदनं नमाज पढून येऊन दगड पुढ्यात ओढला. अल्लानं माफ करावं, पण नमाजीत त्याच्या डोक्यात रेल्वेच फिरत होती. शेगाव-सोनाळ्याची जाड रेघ त्यानं चाकूनं खरवडून काढली आणि नवी रेघ ओढली. बड्या लाईनीवरच्या नांदुऱ्याहून निघाली ती सोनाळ्याकडं जायचं सोडून आधी पाठ फिरवून वडनेरला गेली, तिथं अन्वरच्या वावरातून आंब्यापाशी वळली, आणि मग आठवण आल्यासारखी उत्तरेला गेली. असली लाईन दारू पिऊनही कुणी टाकली नसती. म्हणून कारण द्यावं लागलं. वावराच्या जागी त्यानं सुबक अक्षरात लिहिलं, 'शेख अन्वर वल्द शेख गफ्फार यांची विहीर. इंजिनास गोड पाणी येथे मिळेल.' वर ठळक छापलं, 'सुधारून वाढविलेली आवृत्ती.' दहा प्रती काढल्या आणि वडनेरची वाट धरली.

अन्वर ओसरीवर बसून एकेक अक्षर लावत वाचायला लागला. शे-ख-अ-न्व-र इथवर आला आणि थांबला. पुन्हा वाचलं. मग बापाचं नाव आलं. कब्रस्तानात पडलेल्या गफ्फारमियाचं नाव, ज्याला हयातीत कुणी शेतसाऱ्याच्या नोटिशीपलीकडं छापलं नव्हतं, ते नकाशावर. अन्वरच्या नाकातून आवाज आला, रडला बिचारा.

"भोवताली सगळ्याच्या विहिरी मचूळ," तो म्हणाला, "अन् माही गोड. कंपनीले कसं समजलं पाहा! इंजनले बी चव असते, भाई!"

"असते तं," खुर्शीद म्हणाला. "आता वावर इकशीन काय?"

"येडा हाये काय मी?"

हिंमतराव पाटील कागदासाठी बैलगाडी जुंपून तयार होते, त्यांना अन्वरनं नकाशा दाखवून परत पाठवलं. खुर्शीद शेगावला परतला तो गुणगुणतच. बहिणीचं वावर वाचलं होतं. आपल्या अकलेवर तो असा खूष झाला होता की वाटेत स्वतःच्याच पाठीवर थाप मारता आली असती तर मारली असती.

चौथ्या दिवशी वैजनाथपंत छापखान्यात शिरले. हातात सुधारून वाढवलेली आवृत्ती. खुर्शीदनं मनातल्या मनात बिऱ्हाड आवरायला घेतलं.

"हे तुम्ही काढलंत?"

"हाव."

"कोणाला न विचारता?"

"हाव."

पंतांनी छत्री भिंतीला टेकवली आणि खुर्शीदचा शाईचा हात दोन्ही हातांत घेतला. "अहो, काय डोकं आहे! गोड पाणी! हे आम्हाला सुचलंच नाही. वडनेरला तर जमीन काळी, लोक खाऊनपिऊन सुखी. पाचशे प्रती काढा."

त्या वेळी खुर्शीदनं नाही म्हणायला हवं होतं. पण शेट समोर बसलेले, पंत स्तुती करतायत, आणि खरं सांगायचं तर अन्वरला पटलेला नकाशा खोटा म्हणून जाहीर कसा करायचा? पाचशे प्रती निघाल्या. आठ दिवसांत वडनेर भोलजी चळलं. इतकं, की विहीर हातची गेली म्हणून धुमसणाऱ्या हिंमतरावांनी आपल्याच गोठ्याशेजारची, गावच्या गायरानातली जागा पंतांकडून प्लॉट नंबर एक म्हणून घेतली आणि पेढे वाटले. खुर्शीदनं ते ऐकलं आणि हसला. हसता हसता वर पाहिलं तर दारात अमीना उभी होती.

अमीना एकटी कधी शेगावला आली नव्हती. सकाळच्या गाडीनं नांदुऱ्याहून बसून आली होती, ओढणीच्या आत कागदाची गुंडाळी धरून. शालिग्रामशेट समजुतीनं बाहेर गेले. खुर्शीदनं बसायला पोतं अंथरलं, पाणी दिलं.

"सारे ठीक हाय नं?"

"ठीक हाय, भाई. एक काम होतं." तिनं गुंडाळी उलगडली. आत दोन्ही नकाशे होते, जुना आणि नवा. तिनं नव्यावर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं वावर तिनं बरोबर शोधलं. "हे रेघ आंब्यावरून जाते म्हणते तुमचे अन्वरमिया. उद्या सुतार बलावला हाय. आंबा तोडून जागा मोकळी करून ठेवतो म्हणते, म्हंजे कंपनीच्या लोकायले तरास नको. मी म्हणलं, थांबा, भाईले इचारून येतो."

खुर्शीदनं लेखणी खाली ठेवली.

"भाई," ती हळूच म्हणाली, कुणी मोठं काही मागताना म्हणतात तशी, "हे रेघ दोन बोटं इकडं नाही सरकत काय?"

हात्तिच्या! दोन बोटं! दगड समोरच होता. चाकूनं खरवडून दोन बोटं रेघ सरकवायला अर्धा तास लागला असता. आंबा वाचला असता, वावर वाचलं असतं, अन्वर खूष, पंत खूष, आणि अमीना भावाला दुवा देत दुपारच्या गाडीनं गेली असती. खुर्शीदनं चाकू उचललाही. खाली वाकला तेव्हा त्याची नजर तिच्या मांडीवरच्या जुन्या नकाशावर गेली. त्याच्या एका कोपऱ्याला हात लागून लागून तेलकट डाग पडला होता. नेमका विहिरीवर.

"अमीना, एक सांग. पयल्या खेपेले तू अंगठा द्यायले तयार कशी झाली? तुह्या मालकाचं सोड, त्याले काहीबी खरं वाटते. तू काऊन तयार झाली?"

अमीना हसली. खूप दिवसांनी कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला असं ते हसू होतं.

"या विहिरीपाई," ती म्हणाली. "हे तुह्या हातचं हाय हे का मले समजत नाही? फांदीचा खाचा बी काढला तू. मी म्हणलं, भाई सोनाळ्याले जाऊन आला असंन. तिथं आपल्यासारखीच विहीर, आपल्यासारखाच आंबा पाह्यला असंन, अन् मले लिहिता-वाचता येत नाही म्हणून चित्र काढून सांगून राह्यला की बाई, ये, इथं बरं हाय. बाकीच्यायले काय समजते? हे निशाणी माह्यासाठी होती. म्हणून म्हणलं, भाई म्हणते तं जाऊ."

खुर्शीदनं चाकू खाली ठेवला. त्याला रडू आवरेना, आणि हातभर दाढी असलेल्या माणसानं भरदिवसा रडणं किती वाईट दिसतं ते तुम्हाला सांगायला नको.

"अमीना, म्या सोनाळा पाह्यलाच नव्हता. तिथं विहीर नाही. झाड नाही. प्याले पाणी नाही. ते कागदावर मोकळं दिसत होतं, म्हणून म्या तुही विहीर काढली. हे तुहीच विहीर हाय."

अमीनानं जुना नकाशा मांडीवरून उचलून डोळ्यांजवळ नेला.

"अन् हा दुसरा बी खोटा हाय. अन्वरनं वावर इकू नये म्हणून म्याच काढला. कोणती रेल्वे येत नाही. सोनाळ्याले नाही अन् वडनेरले बी नाही."

बाहेर टांगेवाले उतारूंसाठी भांडत होते. अमीनानं दोन्ही कागद पुन्हा पाहिले.

"म्हंजे," ती म्हणाली, "मी माही विहीर इकून माह्याच विहिरीचं चित्र घेऊन राह्यली होती."

"हाव."

"अन् आता तू चाकू कायले उचलला होता?"

खुर्शीदनं चाकू दगडामागं सारला. उत्तर अमीनाला नकोच होतं. तिनं कागदांची घडी घातली, गुंडाळी नाही, घडी, चार-चार पदरी. उठली. खुर्शीद म्हणाला, मी येतो संगं, अन्वरमियाले मी समजावतो. ती म्हणाली, "तू नको. तू समजावलं की गोष्ट वाढते." आणि स्टेशनाकडं चालू लागली.

ती गेल्यावर खुर्शीदनं पहिलं काम काय केलं, तर वाळू आणि पाणी घेऊन दगड घासला. रेघ गेली, पूल गेला, हरिण गेलं, विहीर गेली. संध्याकाळी शेटनं तो कोरा दगड पाहून असा आकांत केला की शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन धावत आला. तुला काढून टाकतो बे, म्हणाले. पण तीन लिप्या उलट्या लिहिणारा दुसरा माणूस साऱ्या जिल्ह्यात नव्हता, त्यामुळं शेट नुसतेच ओरडत राहिले, आठवडाभर. पंत आणखी पाचशे प्रती मागायला आले तेव्हा खुर्शीदनं त्यांना दगड दाखवला.

"नकाशा कुठं गेला?"

"घासला. खोटा होता."

"अहो, खोटा म्हणजे काय? अजून खरा व्हायचा होता," पंत म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरीचं दुःख होतं. ते दुसऱ्या छापखान्यात गेले, आणि पुढं एक दिवस छत्रीसकट असे नाहीसे झाले की पुन्हा कुणाला दिसले नाहीत. सोनाळ्याची पाटी बकऱ्यावाल्या म्हाताऱ्यानं झोपडीवर घातली. हिंमतराव पाटील गायरानातल्या प्लॉटाचं नाव काढलं की आजही अंगावर येतात.

वडनेरचं काय झालं ते अन्वरनंच नंतर सांगितलं, कारण न सांगता त्याला राहवतच नाही. सुतार आला होता, कुऱ्हाडीला धारही लावून झाली होती. अमीना आंब्याखाली जाऊन बसली आणि तिथंच तीन धोंड्यांची चूल मांडून चहाचं आधण ठेवलं. चुलीत तिनं आधी जुना नकाशा घातला, मग नवा. "अवो, ते सुधारून वाढवलेली आवृत्ती हाय!" असं अन्वर ओरडला. तिनं ढुंकून पाहिलं नाही. सुताराला चहा पाजला, वाटेला लावला, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "वावर माह्या नावावर हाय अन् अंगठा माह्या हाताले हाय. आता कोणताबी कागद आणा. छापील आणा, सरकारी आणा, सोन्याचा आणा." अन्वर म्हणाला, पण माह्या बापाचं नाव होतं त्याच्यावर. तेवढ्यावर मात्र ती थांबली. काडीनं जळकं टोक बाहेर ओढलं, पण गफ्फारमियाचं नाव राहिलं नव्हतं.

ईदला खुर्शीद वडनेरला गेला. जावं की नाही यावर त्यानं चार दिवस घालवले होते. अमीनानं दारात येऊन सलाम केला, हात धुवायला पाणी दिलं, शीरखुर्मा वाढला, दोनदा वाढला. बोलण्यात कुठं तुसडेपणा नाही. दोर बांधून पोरं आंब्याला झोका घेत होती. अन्वर त्याच्या नव्या बैलाच्या तारिफेत रंगला होता. खुर्शीदला वाटलं, झालं गेलं धुऊन निघालं. त्याच्या छातीवरचा दगड उतरला.

तेवढ्यात तलाठ्याचा माणूस मलकापूरचा कागद देऊन गेला. कसला तो त्यालाही ठाऊक नव्हता. आजवर त्या घरात आलेला प्रत्येक कागद खुर्शीदनंच वाचला होता. नसला तर तो येईपर्यंत कागद डब्यात थांबायचा, महिना महिना थांबायचा. खुर्शीदनं सवयीनं वाटी खाली ठेवली, बोटं पुसली आणि हात पुढं केला.

अमीनानं कागद आपल्याजवळच ठेवला. कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "उद्धव मास्तर! जरा येता काय? कागद वाचाचा हाय."

शेजारचे उद्धव मास्तर धोतर सावरत आले. समोर बसलेल्या खुर्शीदला पाहून गोंधळले. "अवो बाई, कातिबसाहेब घरात असताना मी कायले?"

"तुम्हीच वाचा मास्तर," अमीना म्हणाली. मग भावाकडं वळून तितक्याच मायेनं म्हणाली, "भाई, तू शीरखुर्मा घे ना. थंडा होऊन राह्यला."

मास्तरांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. खुर्शीद खाली मान घालून शीरखुर्मा खात राहिला.